क्रियापद मागणारे चिलबुलेसाहेब

चिलबुलेसाहेबांनी माझा पहिला कागद खिडकीतून बाहेर फेकला तेव्हा मे महिना होता आणि चांद्याचं, म्हणजे आजच्या चंद्रपूरचं, ऊन कचेरीच्या अंगणात नुसतं पेटलं होतं. "जाय, घेऊन ये," ते म्हणाले. मी आणला. त्यांनी तो परत वाचला आणि परत फेकला.

कागदावर फार काही नव्हतं. 'कचेरीतला चपराशी कोणती कामे करतो ते लिहा' असा प्रश्न होता. मी लिहिलं होतं, 'साहेबांनी सांगितलेली कामे करणे व इतर.'

"इतर!" साहेब ओरडले. "हे इतर काय असते बे? इतर झाडते? इतर पाणी भरते? क्रियापद कुठी आहे तुह्यं, सिंदेवाही?"

सिंदेवाही म्हणजे मी. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, म्हणून ज्याला त्याला ते गावाच्या नावानं हाक मारत. आमचा जिल्हा तेव्हा नुकताच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. जुन्या राज्यातली प्रत्येक नोकरी नव्या राज्याच्या यादीत कुठेतरी बसवायची होती. त्यासाठी कोणत्या पदाचा माणूस खरोखर काय काम करतो, हे लिहून काढायला आम्हा चौदा कारकुनांना सहा आठवडे चांद्याला बोलावलं होतं. शिकवायला गोविंदराव चिलबुले. आस्थापना शाखेचे सुपरिंटेंडेंट, वय पन्नाशीचं, अंगानं काडी, आणि राग मात्र दोन माणसांना पुरेल एवढा.

हा राग कोणावरही निघे. वर्गाच्या उद्घाटनाला वरचे साहेब आले आणि म्हणाले, "सरकारी नोकर हा राज्याचा खांब आहे." चिलबुलेसाहेब मागून म्हणाले, "साहेब, खांब नुसता उभा राह्यते." वरच्या साहेबांचं भाषण तिथेच आटोपलं. ब्रह्मपुरीच्या कारकुनानं हेडक्लार्कच्या कामात 'देखरेख ठेवणे' लिहिलं, तर त्याला तासभर खुर्चीत बसवून देखरेख ठेवायला लावली. "ठेवली? आता सांग, हातानं काय केलं?" एका लग्नात ते नवऱ्या मुलाच्या काकाशी भांडले, कारण काका म्हणाले होते, "मी व्यवस्था पाहून राह्यलो." पंगत उठेपर्यंत "पाह्यते म्हणजे काय करते" हेच चाललं होतं.

आम्ही त्यांची नक्कल करून हसायचो. आज सांगायला लाज वाटते, पण हसायचो.

पाचव्या आठवड्यात ते आम्हा तिघांना घेऊन कुरखेड्याच्या पलीकडे एका गावी गेले. तिथे सरकारी दवाखाना होता. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. मोटार कुरखेड्यापर्यंत, पुढे बैलबंडी. दवाखान्याच्या नोंदवहीत तीन माणसं होती. डॉक्टर, कंपौंडर आणि झाडूवाली मैनाबाई मडावी.

आम्ही दिवसभर ओट्यावर बसून पाहिलं. मैनाबाईनं झाडलं, हे खरं. मग तिनं पाणी उकळून डॉक्टरची हत्यारं त्यात टाकली. जंगलातल्या टोल्यांवरून, लहान वस्त्यांवरून, आलेले लोक गोंडीत बोलत होते, ते ती डॉक्टरला मराठीत सांगत होती, आणि डॉक्टरचं बोलणं त्यांना गोंडीत. दुपारी डॉक्टर दौऱ्यावर गेले. थोड्या वेळानं एक बाळंतीण आली. मैनाबाईनं दार लोटून घेतलं, आणि ऊन उतरायच्या आत आतून पोराचं रडणं ऐकू आलं.

डॉक्टर परतल्यावर चिलबुलेसाहेबांनी विचारलं, "ही बाई काय करते?"

"झाडते," डॉक्टर म्हणाले. "आणि थोडी इतर मदत."

पुढचं मी लिहीत नाही. झाडावरचे कावळे उडाले एवढंच सांगतो.

साहेबांनी मैनाबाईला समोर बसवून तिच्या कामांची दोन पानं लिहून काढली. ती खूश नव्हती. "लिहू नका साहेब," ती म्हणाली. "चालून राह्यलं तसं चालू द्या."

"काऊन? सरकारले खरं समजलं पाह्यजे!"

"सरकारले समजून काय होते?"

"तुले दाई म्हणून नोकरी भेटते! दाई! झाडूवाली नाई!"

ती उठली आणि झाडू घेऊन अंगण झाडायला लागली. मला त्या झाडण्याचा अर्थ कळायला हवा होता. माझं अक्षर बरं, म्हणून त्या दोन पानांची पक्की प्रत मीच केली.

दोन महिन्यांनी वरून उत्तर आलं. चिलबुलेसाहेबांनी लिहिलेलं प्रत्येक क्रियापद कोणीतरी लक्षपूर्वक वाचलं होतं. 'सदर बाई शिक्षित नसताना बाळंतपणे करते असे आढळून आले. ते तात्काळ बंद करावे. सदर बाईने केवळ झाडण्याचे काम करावे. डॉक्टरांना ताकीद देण्यात येत आहे.' खाली सही. सही करणाऱ्यानं कुरखेडा नकाशातसुद्धा पाहिलं नसेल. इतकी वर्षं झाली, त्या सहीचा वळणदार शेपटा आठवला की अजूनही माझे कान तापतात.

डॉक्टर घाबरले. त्यांनी बाळंतिणींच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवली. पुढच्याच आठवड्यात ते दौऱ्यावर असताना एका टोल्यावरची बाई आली. कंपौंडरनं मैनाबाईला हात लावू दिला नाही, बंडी कुरखेड्याला पाठवली. बाळंतपण वाटेतच झालं. बाई वाचली. मूल गेलं.

हे डॉक्टरच्याच पत्रातून कळलं. माझी तोवर चांद्याला बदली झाली होती, मी समोरच्या टेबलाशी होतो. साहेब आता टेबल फोडतात असं वाटलं. त्यांनी पत्राची घडी घातली, रजेचा अर्ज लिहिला आणि छत्री घेऊन निघून गेले. महिनाभराची रजा. इतक्या वर्षांत एक दिवस न घेतलेली.

साहेब मैनाबाईच्या गावी गेले होते. तीन आठवड्यांनी कचेरीनं मला तिथे त्यांच्या सह्या आणायला पाठवलं. तिथे काय घडलं ते मला कंपौंडरनं सांगितलं. साहेब पहिल्या दिवशी अंगणात जाऊन उभे राहिले. मैनाबाई झाडत होती. तिनं झाडू टाकला आणि जे बोलली ते साऱ्या गावानं ऐकलं. "मी म्हटलं होतं तुमाले, लिहू नका! तुमच्या कागदानं माहे हात बांधले. त्या लेकराले कोणत्या कागदात लिहान आता?" साहेब छत्री धरून ऐकत राहिले. तिचं बोलून संपल्यावर म्हणाले, "बाई, चुकलं माह्यं."

मग त्यांनी सांगितलं की चांद्याला सरकारी दाईचं शिक्षण असतं. सहा महिन्यांचं. नाव लिहिता आणि औषधाची चिठ्ठी वाचता आली तर घेतात. "मी शिकवतो," ते म्हणाले. ती तीन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी झाडून झाल्यावर ओट्यावर येऊन बसली.

मी पोचलो तेव्हा दोघं त्याच ओट्यावर होती, मधे पाटी. मैनाबाई 'म' काढत होती आणि तो दर वेळी 'भ' होत होता. माझ्यासमोर सोळा वेळा झाला. मी मनातल्या मनात खिडकी शोधत होतो, पाटी कुठून बाहेर जाणार म्हणून. साहेब प्रत्येक वेळी पाटी पुसत आणि म्हणत, "जमते. परत काढा."

"चिल्लावत नाईत का हे?" मी नंतर मैनाबाईला विचारलं.

"चिल्लावून तं पाहो म्हणा," ती म्हणाली.

साहेबांनी रजा दोनदा वाढवली. वरच्यांना ते रुचलं नाही. पदांच्या यादीचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं आणि त्यांना जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं. मी त्यांच्या बाजूनं चार ओळी लिहायला हव्या होत्या. लिहिल्या नाहीत. सगळ्यांवर चिडून झालं की शेवटी मी त्या न लिहिलेल्या चार ओळींपाशी येऊन थांबतो.

मैनाबाई चांद्याला आली, शिकली, पास झाली. तिच्याच गावच्या दवाखान्यात दाई म्हणून नेमणुकीचा हुकूम निघाला. तो दाखवायला ती मला घेऊन साहेबांच्या घरी गेली. कचेरीतलं कोणी त्या घरात कधी पाऊल टाकलेलं नव्हतं, मीही नाही. परकोटाला, गावाच्या जुन्या तटाला, लागून एक खोली, एक खाट, एक चूल. साहेबांनी हुकूम दोनदा वाचला आणि जेवून जायचा आग्रह धरला. मी जेवून आलो होतो. त्यांनी भात आणि वांग्याची भाजी केली होती.

"घरी बाई नाई?" मैनाबाईनं सरळ विचारलं.

"होती," साहेब म्हणाले. "दोन वर्षं होती."

त्यांनी थाळी पुसून तिच्यासमोर ठेवली. घरात थाळी एकच होती. ती जेवत असेपर्यंत ते भिंतीला टेकून बसले. एका मडावीच्या घरच्या, गोंड बाईला आपल्या चुलीपाशी बसवून जेवू घालणारा सरकारी माणूस त्या काळी मी दुसरा पाहिला नाही. तिचं जेवण झाल्यावर तिनं थाळी घासायला घेतली, तर "राहू द्या, बाई," म्हणून त्यांनी ती हातातून घेतली, स्वतः धुतली आणि त्याच थाळीत स्वतःचं जेवण वाढायला बसले.

तेव्हा मैनाबाई पुढे सरकली आणि तिनं भाताचा गंज, म्हणजे पातेलं, आपल्याकडे ओढला. कोणी वाढतंय आणि आपण नुसतं जेवायचं, ही साहेबांची सवय मोडलेली असावी. साहेबांचा हात दोनदा गंजाकडे गेला. दोनदा तिनं तो हळूच बाजूला केला आणि भात वाढला.