अर्ध्या किमतीचं काडतूस

गेल्या वसंतात आमच्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात रायफलीच्या वीस काडतुसांचा डबा साठ डॉलरवर गेला. मी मोंटानातल्या एका लहानशा काउंटीच्या खरेदी विभागात वरिष्ठ कारकून आहे. रस्त्यावरच्या खडीपासून न्यायाधीशांच्या टॉयलेट पेपरपर्यंत काहीही मी तीन निविदा मागवल्याशिवाय घेत नाही. अशा माणसाने ही भाववाढ मुकाट्याने सोसणं पदाला शोभणारं नव्हतं. माझा काडतुसांचा वार्षिक वापर चार होता, ही बाब त्या वेळी विचारात घेतली गेली नाही. दोन नेम तपासायला, एक एल्क, म्हणजे आमच्याकडचं मोठं हरीण, मारायला आणि एक पहिलं चुकलं तर. डबा मला पाच वर्षं पुरायचा.

रस्ते विभागातल्या ड्वेन टॉलिव्हरने मला मार्ग दाखवला. बार झाल्यावर उरते ती पितळी पुंगळी फेकायची नसते, असं त्याने समजावलं. तिच्या बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत दारू भरायची, तोंडात गोळी दाबायची, की काडतूस पुन्हा तयार.

"घरी भरलं तर अर्ध्या किमतीत पडतं," ड्वेन म्हणाला. "आणि दुकानातल्या मालापेक्षा कितीतरी सरस. तुझ्यासारख्या हिशेबी माणसाने दुकानात जावं, याचंच मला नवल वाटतं."

त्याच्याकडे एक जुनं दाबयंत्र पडून होतं. तेही त्याने मला अर्ध्या किमतीत दिलं. एका बैठकीत दोनदा 'अर्धी किंमत' ऐकल्यावर मला सगळं फुकटच मिळाल्यासारखं वाटलं.

यंत्राची स्थापना कपडे धुण्याच्या खोलीत, वॉशिंग मशीन आणि मांसाचा मोठा फ्रीजर यांच्या मधल्या जागेत झाली. माझी बायको मार्लिस शाळेची बस चालवते. मागे पोरांचा गोंधळ आणि पुढे बर्फ, अशा स्थितीत रोज गाडी हाकणारी ती बाई सहसा कशाला हरकत घेत नाही. तिने एवढंच विचारलं, की यात बचत किती होणार. बचत प्रस्तावित आहे, असं मी सांगितलं.

यंत्रापाठोपाठ तराजू आला, पुंगळ्या घासायचं पिंप आलं, मोजमापाची हत्यारं आली. काडतुसांच्या टोप्या तर बाजारातून गायबच होत्या. त्यांच्यासाठी मी पेट्रोल जाळत बिलिंग्ज शहरापर्यंत गेलो, रांगेत उभा राहिलो आणि 'एका माणसाला एकच खोकं' ही पाटी वाचून एक खोकं घेऊन परत आलो. पुढच्या खेपेला मार्लिसला सोबत नेलं, कारण ती दुसरं माणूस भरत होती.

पहिला डबा तयार झाला तेव्हा त्यातलं एकेक काडतूस चांगल्या हॉटेलातल्या जेवणाच्या भावात पडलं होतं. ड्वेनने धीर दिला, की यंत्राचा खर्च जितक्या जास्त काडतुसांवर वाटला जाईल तितकं ते स्वस्त पडत जाईल. म्हणजे पैसे वाचवायचे तर ती उडवायला हवीत. मी दर रविवारी चर्च बुडवून चांदमारीच्या मैदानावर बचत करू लागलो. आठ जुलैपर्यंत इतकी बचत झाली की रायफलीची नळी झिजली. नवी नळी बसवली, तर तिला जुन्या मापाची दारू मानवेना. सगळं पहिल्यापासून.

मग गुणवत्तेचा प्रश्न उभा राहिला. वॉशिंग मशीन फिरायला लागलं की तराजू थरथरायचा. दारू तोलताना कपडे धुण्यास मनाई करण्यात आली आणि मार्लिस कपड्यांच्या पिशव्या घेऊन गावातल्या लाँड्रीत जाऊ लागली. तो खर्च मी 'इतर'मध्ये टाकला. पुंगळ्यांचे स्वीकृत, दुय्यम आणि नामंजूर असे वर्ग केले. निकष मीच ठरवायचो, मीच कडक करायचो आणि माझाच माल नामंजूर झाला की मला अभिमान वाटायचा. निशाणाच्या कागदावरची पाच भोकं पाव डॉलरच्या नाण्याखाली झाकली जाऊ लागली, तेव्हा तर मी ते नाणं पाकिटात जपून ठेवलं. मार्लिसला ते लाँड्रीसाठी हवं होतं. मी दिलं नाही.

पुढे माझ्या लक्षात आलं, की फ्रीजरची मोटर सुरू झाली तरी तराजूचा काटा हलतो. म्हणून एका शनिवारी मी फ्रीजरची पिन काढली. काटा असा स्थिर राहिला, की मला खरोखर भरून आलं. पिन परत लावायची राहिली. मंगळवारी दाराखालून गुलाबी पाणी आलं.

गेल्या वर्षीच्या एल्कचं मांस त्यात होतं. मार्लिसने ते एकटीने काढलं, पिशव्यांत भरलं, फरशी पुसली. मी मदतीला गेलो तर तिने मला दारातच थांबवलं.

"या हंगामात हा फ्रीजर भरला नाही," ती म्हणाली, "तर तुझं ते यंत्र मी अंगणात ठेवीन आणि बस मागे घेईन. आरशात दिसलं नाही म्हणून सांगीन."

मार्लिस बसच्या बाबतीत थट्टा करत नाही. मी जोमाने कामाला लागलो. शिकारीचा हंगाम उघडेपर्यंत सर्व कसोट्यांना उतरलेली पाच काडतुसं माझ्या हाती होती. शिकारीचा परवाना तिच्याकडेही होता. तिच्या वडिलांची जुनी रायफल माझ्याच मापाची, म्हणून तिने त्यातली दोन मागितली.

"तुझी रायफल तांत्रिक पात्रतेत बसत नाही," मी म्हणालो.

फळीवर माझा दुकानातून आणलेला जुना डबा होता. त्यात अजून निम्म्याहून जास्त काडतुसं शिल्लक होती. त्यातली मूठभर तिने नारिंगी जाकिटाच्या खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगराच्या धारेवर आम्ही शेजारी शेजारी पालथे पडलो होतो. समोरच्या उतारावर कळप आला. पुढे मोठा नर, मागे माद्या. इतका सोपा नेम मला आयुष्यात मिळाला नव्हता. मी चाप ओढला आणि गोळी नराच्या पाठीवरून गेली. काडतूस निर्दोष होतं, याची कृपया नोंद घ्यावी. चाप मी घाईत ओढला होता.

आवाज कुठून आला ते एल्कना कळलं नाही. ती तशीच उभी राहिली. दुसरी संधी आयतीच चालून आली होती. पण सहा महिन्यांत माझ्या हाताला एकच वळण लागलं होतं. मी रायफलीचा बोल्ट हलक्या हाताने मागे घेतला, पुंगळी तळहातावर अलगद झेलली, फुंकर मारली, तोंडाशी चीर गेली नाही ना ते उजेडात धरून पाहिलं आणि ती छातीवरच्या खिशात ठेवून बटण लावलं. वर पाहिलं तेव्हा नर झाडीत शिरत होता.

शेजारी एकच बार झाला. सर्वांत मागची मादी चार पावलं चालली आणि बसली. मार्लिसने खाडकन बोल्ट ओढला. तिची पुंगळी उडून बर्फात कुठेतरी पडली. बाई रायफल खांद्याला अडकवून उतारावरून निघाली. थोड्या वेळाने तिने मागे वळून पाहिलं, तर मी गुडघ्यांवर बसून बर्फ उकरत होतो.

"एल्डन, एल्क इकडे पडलीय. तू तिथे काय शोधतोयस?"

"तुझी पुंगळी."

तिने कमरेची सुरी काढली.

"मग ती सापडली की तिलाच सोल," ती म्हणाली. "मी हिला सोलते."

मला लाज वाटली. खरंच वाटली. पुंगळीही सापडली. मांसाचे चारही फरे मी एकट्याने पाठीवरून ट्रकपर्यंत वाहिले आणि वाटेत एकदाही तिच्या नजरेला नजर दिली नाही.

फ्रीजर मात्र भरला. तो कोणाच्या काडतुसाने भरावा, याचा अटीत उल्लेख नव्हता, हे मी स्वयंपाकघरात नम्रपणे निदर्शनास आणून दिलं. मार्लिसने तव्यावरचं मांस परतलं. मग निकाल दिला, की यंत्र राहील, पण परसातल्या शेडमध्ये. शेड थंड आणि दमट आहे, दारूला ते चालत नाही. त्यामुळे भिंतींना अस्तर आणि एक हीटर, यांच्या निविदा मागवल्या आहेत. एवढा खर्च करायचा आणि आत जुनंच यंत्र ठेवायचं, हे बरं दिसत नाही, म्हणून नवं मागवलं आहे. काडतूस आता लवकरच अर्ध्या किमतीत पडू लागेल.

तुम्ही मघापासून हसताय, माझी काही तक्रार नाही. पण पैसे वाचतील म्हणून आणलेलं एकही यंत्र ज्यांच्या माळ्यावर झाकून ठेवलेलं नाही, त्यांनी खुशाल हसावं. बाकीच्यांनी जरा जवळ या. माझं जुनं दाबयंत्र विकायचं आहे. ड्वेनने मला दिलं, तसंच तुम्हाला देतो, अर्ध्या किमतीत. तुमच्यासारख्या हिशेबी माणसाने दुकानात जावं, याचंच मला नवल वाटतं.