अगदी फोटोतलाच रंग

दाताच्या डॉक्टरीणबाईंना नव्या दवाखान्यासाठी पडदे हवे होते. काकूंच्या शिवणकामाला एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळू पाहत होतं. कापड काकूंनीच पसंत करून आणलं होतं, पिवळंधमक. नमुन्याचा एक पडदा शिवून खिडकीला लावला होता, त्याचा फोटो तेवढा पाठवायचा बाकी होता. सरळसोपं काम, पण नेमका त्याच आठवड्यात काकांनी फोटो सुधारायला शिकायचं मनावर घेतलं होतं.

निवृत्त झाल्यापासून काकांना घरात चैन पडत नसे. मुलीने त्यांना लॅपटॉपवर फोटोचा रंग आणि उजेड कमीजास्त कसा करायचा ते दाखवलं, आणि तेव्हापासून घरातला एकही फोटो धड राहिला नव्हता. आत्याबाईंना तर त्यांनी इतकं उजळवलं होतं की फोटोत त्यांचा चष्मा तेवढा उरला होता.

"अहो, आहे तसा पाठवा ना," काकू म्हणाल्या.

"आहे तसा? केशरी दिसतोय बघ पडदा! आणि अंधार केवढा. थांब जरा."

काकांनी रंगाची पट्टी निळ्याकडे सरकवली. उजेड वाढवला. उठून एक चक्कर मारून आले, खुर्चीत टेकले न टेकले तोच पुन्हा पट्टी सरकवली. पडदा एकदाचा पिवळा झाला. "हां, आता दिसला तुझा रंग!" म्हणत त्यांनी फोटो डॉक्टरीणबाईंना पाठवला, आणि कौतुकासाठी मुलीलाही.

थोड्याच वेळात फोन आला. "काकू, फारच छान! मला अगदी फोटोतलाच रंग हवा हं. जराही फरक नको."

काकूंना आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. त्यांनी भराभर कापड कापलं आणि मशीनवर बसल्या. पडदे शिवून, इस्त्री होऊन तयार झाले तेव्हा मुलगी घरी आली.

"आई, हे पिवळे कुणाचे? दवाखान्याचे तर पोपटी होते ना?"

"पोपटी?"

मुलीने आपला फोन पुढे धरला. फोटोत फिका पोपटी पडदा लटकत होता. काका उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. मुलीने लॅपटॉप उघडला आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, डोळ्यांना त्रास नको म्हणून तुम्ही स्क्रीनला पिवळी झाक लावून ठेवलीय! पिवळेपणा होता स्क्रीनचा आणि तुम्ही तो काढलात फोटोतून!"

"मी फोन करून विचारते, कोणता रंग हवाय ते," काकू रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"काय विचारणार? आमच्या पडद्याचा रंग आम्हालाच माहीत नाही म्हणून? काम जाईल हातचं!" काका म्हणाले.

काकू घाबरल्या, कारण तीच तर भीती होती. शेवटी पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा होतो, हे शाळेतलं ज्ञान कामी आलं. काकांनी निळा रंग आणला, न्हाणीघरात टब मांडला आणि पडदे बुचकळले. फोटो समोर धरून मुलगी "अजून थोडा, अजून थोडा," असं सांगत होती. पडदे हुबेहूब फोटोसारखे झाले. काकांचे हातही कोपरापर्यंत निळे झाले आणि तो रंग काही केल्या निघेना.

दवाखान्यात काका-काकूंनी मिळून पडदे टांगले. डॉक्टरीणबाई आतून आल्या आणि बघतच राहिल्या.

"काकू, हे हिरवे कसे? मला तर पिवळे हवे होते!"

"फोटोतलाच रंग आहे हो..."

"मग हे काय?" बाईंनी फोन पुढे केला. फोटोत पडदा पिवळाधमक होता. काकांनी निरखून पाहिलं. त्या फोनवर पांढरी अक्षरंसुद्धा पिवळट दिसत होती. स्क्रीनला पिवळी झाक लावून डोळे जपणारे एकटे काकाच नव्हते तर!

काकूंचे डोळे भरून आले. "चूक आमची. मी पुन्हा शिवून देते."

"अहो, उद्या उद्घाटन आहे! राहू द्या आता. निदान नवऱ्याला कळवते," असं म्हणून बाईंनी वैतागून खिडकीचा फोटो काढला. फोनकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "अय्या! फोटोत तर बरोबर पिवळे दिसताहेत! अगदी तुमच्या त्या फोटोसारखे. इथल्या उजेडातच काहीतरी गडबड आहे. छान झालेत हो! वरच्या मजल्याचे पडदेही तुम्हीच शिवा. हाच रंग."

"पण डॉक्टर, त्याचं असं आहे की तुमच्या स्क्रीनला..." काका उत्साहाने सांगू लागले.

"अहो," काकू गोड आवाजात म्हणाल्या, "ते हात खिशात घाला आणि चला."

दोघं जिना उतरले. फाटकाशी येताच काकूंनी हळूच विचारलं, "निळा रंग किती उरलाय?"