दाखला दिल्याचा दाखला

न्हाणीघरातल्या घंगाळात अकरा बेडूक होते आणि मालतीबाईंना अंघोळ करायची होती.

"अहो, तुमची मंडळी उचला आधी!"

"उचलतो, उचलतो," म्हणत यज्ञेश्वरराव पंचा घेऊन धावले. भांडी घासायला आलेली मैंदर्गीची काशम्मा दारातच थबकली.

"अय्यय्यो! एक मोरीत शिरला की, वैनी! मी न्हाई हात लावनार."

यज्ञेश्वरराव सोलापुरात एका कॉलेजात शरीरशास्त्र शिकवत. बेडकाच्या नसेला डोळ्यांना न दिसणारी बारीक दारं असतात. त्यांतून सोडियम आत शिरतं आणि दार मिटतं. ते किती वेळात मिटतं, एवढंच ते नऊ वर्षं मोजत होते. कॉलेजात त्यांना टेबल होतं. बेडूक ठेवायला जागा नव्हती. स्वतंत्र खोली मिळे ती वरच्या पदावरच्या रीडरला. म्हणून यंदा त्यांनी रीडरच्या जागेसाठी अर्ज केला होता आणि त्या अर्जाकडे त्यांच्यापेक्षा मालतीबाईच जास्त डोळे लावून बसल्या होत्या.

घोळ झाला तो एका शब्दाने. चौऱ्याहत्तर साल. कॉलेजचे फॉर्म नुकतेच इंग्रजीतून मराठीत आले होते. तुमच्या शोधनिबंधाचा उल्लेख जगातल्या इतर शास्त्रज्ञांनी किती वेळा केला, असं पूर्वी जिथे विचारलेलं असे, तिथे आता छापलं होतं: 'संशोधनाचे दाखले (किमान पाच)'. यज्ञेश्वरराव पुण्याला गेले, दोन दिवस ग्रंथालयात जाडजूड सूच्या चाळल्या आणि मोजून पाच उल्लेख वळणदार अक्षरात उतरवून आणले.

हेडक्लार्क चिंतामणरावांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला.

"ह्ये काय, सर?"

"दाखले."

"तुमच्याच अक्षरात हाय की. दाखला म्हनल्यावर शिक्का लागतो. जन्माचा घ्या, शाळा सोडल्याचा घ्या. बिनशिक्क्याचा दाखला बघितलाय कधी?"

"अहो, हे तसले नव्हेत. या लोकांनी आपल्या निबंधात माझा दाखला दिलाय."

"मग दिलाय म्हनून त्यांच्याकडनंच लिहून आना की. दाखला दिल्याचा दाखला. पंधरा जूनच्या आत."

यज्ञेश्वररावांनी पाच निळी हवाईपत्रं आणली. 'आपण माझा उल्लेख केला आहे, तो खरोखरच केला आहे, असे कृपया शिक्क्यासह कळवावे.' चार पत्रं झरझर लिहून झाली. पाचव्यापाशी पेन अडलं. पाचवा उल्लेख होता डेन्मार्कच्या नीलसेनचा. त्याने लिहिलं होतं की दार इतक्या लवकर मिटणं शक्य नाही, सोलापूरचं यंत्र बहुधा बिघडलेलं असावं.

"नावं ठेवणाऱ्याकडेच दाखला मागायचा?" मालतीबाई म्हणाल्या.

"नावं ठेवली तरी मोजतात. पाच लागतात ना!"

वाट बघायचेच दिवस होते ते. पत्र जायला पंधरा दिवस, यायला पंधरा दिवस, आणि मधल्या काळात माणूस उगाच फाटकापर्यंत जाऊन येई. पोस्टमन रेवणसिद्ध कोपऱ्यावरूनच घंटी वाजवत ओरडायचा, "वैनी, आज जपान!" आख्खी गल्ली दारात यायची. जपानमागून इंग्लंड आलं, अमेरिका आली, हंगेरीही आली. डेन्मार्क काही येईना.

ते आलं पंधरा जूनलाच, सकाळी अकराला. रेवणसिद्धाने ते कॉलेजच्या फाटकातच गाठून दिलं. यज्ञेश्वररावांनी ते तिथेच, सायकलवर एक पाय ठेवून वाचलं आणि तसेच ऑफिसात शिरले.

चिंतामणरावांनी कागदावरच्या उठावदार शिक्क्यावरून बोट फिरवलं. "ह्याला म्हनायचं शिक्का! झालं सर तुमचं काम. वाचायची बी गरज न्हाई." आणि रकान्यात '५' लिहिला.

इथे गप्प बसायचं होतं. मालतीबाई शेजारी असत्या तर त्यांनी चिमटा काढला असता.

"अहो, पण ऐका तरी काय लिहिलंय!" यज्ञेश्वरराव मराठी करून वाचू लागले. "'तुमचं पत्र आलं आणि मला राहवेना. लिहून द्यायचं तर खात्रीने द्यावं, म्हणून प्रयोग पुन्हा केला. तुम्ही खोलीच्या तापमानाला मोजलं, असं लिहिलं होतं. मी आमचीच थंडगार खोली धरून चाललो होतो. या वेळी ती सोलापूरइतकी तापवली. दार तुम्ही म्हणता तितक्याच लवकर मिटतं. चूक माझी. मी ते विधान मागे घेतो.'"

चिंतामणरावांनी मान वर केली. "मागं घेतो म्हनतोय?"

"घेतो!"

"लेखी?"

"लेखी! शिक्क्यासकट!"

"मंग र्‍हायले किती, सर?"

यज्ञेश्वरराव हसतच होते. चिंतामणरावांनी पाचावर काट मारली, शेजारी चार लिहिला आणि चष्मा काढून हळूच म्हणाले, "कशाला वाचलं वो? पुढच्या वर्षी बघू."

घरी पोचले तेव्हा मालतीबाई दारातच होत्या. नवऱ्याचा असा उजळलेला चेहरा त्यांनी लग्नातही पाहिला नव्हता.

"मिळालं?"

"मिळालं!" यज्ञेश्वरराव म्हणाले आणि तिथेच पायरीवर बसले. पुन्हा एकदा ते पत्र वाचू लागले.

मालतीबाईंनी पेढे मागवले. काय मिळालं, हे विचारायचं त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा काशम्मा पुडा घेऊन गल्लीतल्या सातव्या घरात पोचली होती.