ओरडेल तो चोर

पाणीपुरवठा खात्यातले गळतीसाहेब त्या रविवारी स्वतःचा फोटो बघायला बसले नसते, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण माणूस म्हटलं की हौस आलीच. उभी नोकरी जमिनीखालच्या पाइपांना कान लावण्यात गेली, आणि आता कुठे एका बातम्यांच्या वेबसाइटवर त्यांचं कौतुक छापून आलं होतं, तेही फोटोसकट. (त्यांना खरं नावही होतं. पण खात्यात ते कुणी वापरत नसे, त्यामुळे ते नव्यासारखं राहिलं होतं.)

"अगं, ये लवकर! फोटो बघ!" त्यांनी बायकोला हाक मारली.

बायको हात पुसत आली आणि कॉम्प्युटरसमोर उभी राहिली. पान उघडू लागलं. आधी मथळा आला. मग बऱ्याच वेळानं फोटोची वरची कड आली. मग टक्कल आलं. मग कपाळ आलं, आणि तिथे इंटरनेटनं मान टाकली. दोघं त्या कपाळाकडे बघत राहिली.

"हे तुम्हीच कशावरून?"

"म्हणजे? नवऱ्याचं कपाळ ओळखत नाहीस तू?"

"ओळखते ना. माझं फुटकं होतं म्हणून तर हे पदरात पडलं," असं म्हणून ती दूध उतू जायच्या आत स्वयंपाकघरात परत गेली.

गळतीसाहेबांना हे लागलं. शहराची गळती काढणाऱ्या माणसाच्या घरी पान उघडू नये? त्यांनी हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, राउटर बंद करा, थोडं थांबा आणि परत चालू करा." (हल्लीच्या मुलांना सगळ्यावर हाच उपाय माहीत.) साहेबांनी खिशातून किल्ली काढून लोखंडी कपाट उघडलं, राउटर बंद केला, थांबले, चालू केला आणि कपाटाला परत कुलूप घातलं.

हो, राउटर कपाटात असे. मीटर कधी उघड्यावर ठेवायचा नाही, लोकांचे हात शिवशिवतात, हे खात्यातलं ज्ञान. म्हणून कपाटाच्या पाठीला भोक पाडून वायर आत घेतली होती. राउटर बसवला त्याच दिवशी बायको म्हणाली होती, "बिचाऱ्याला कोंडून घातल्यावर तो काम कसं करणार?" त्यावर साहेब हसले होते. बायकांना तांत्रिक गोष्टीतलं काय कळतं, असं ते तेव्हा म्हणाले नव्हते, पण तोंडावर दिसलं होतं.

बंद-चालू करूनही कपाळाखाली काही उतरेना. तेव्हा साहेबांनी खात्याची पद्धत वापरली. दाब कमी आहे, म्हणजे एक तर गळती आहे नाहीतर चोरी. अशा वेळी सगळे व्हॉल्व्ह बंद करायचे आणि तरीही पाणी कुठे जातंय ते बघायचं. त्यांनी टीव्ही बंद केला. स्वतःचा फोन बंद केला. बायको बहिणीशी व्हिडिओवर बोलत होती, तिच्या हातातला फोन घेऊन तोही बंद केला. ("ताई, थांब गं, ह्यांनी मला बंद केलं," एवढंच ताईला ऐकू गेलं. तिनं घाबरून नंतर बरेच फोन केले.) मग ते कॉम्प्युटरवर राउटरच्या पानात शिरले. तिथे त्यांच्या कॉम्प्युटरखेरीज आणखी एक यंत्र जोडलेलं दिसत होतं. त्याला धड नावही नव्हतं, गाडीच्या नंबरासारखी नुसती अक्षरं आणि आकडे.

"सापडला!" गळतीसाहेब खुर्चीतून उठले. "कोण आहे रे हा?"

कोण आहे, हे तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. ते यंत्र म्हणजे साहेबांच्या वडिलांचा, नानांचा टॅब. नानांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि शेजारी चष्म्याचं. दोन दुकानांच्या मधल्या स्टुलावर जन्मभर बुद्धिबळाचा पट मांडलेला असायचा. म्हातारपणी दुकानं बंद झाली आणि चष्मेवाले दुसऱ्या गावी लेकीकडे राहायला गेले. त्यांना आता फोनवरचं ऐकू येत नव्हतं, आणि नानांना पत्रात काय लिहावं ते सुचत नव्हतं. तेव्हा नातीनं सुट्टीत येऊन हा टॅब दिला आणि दोघांचा खेळ त्यावर जोडून दिला. सकाळी नानांची चाल जायची, संध्याकाळी चष्मेवाल्यांची यायची. नानांचा दिवस या दोन चालींवर उभा होता. मुलाला वाटायचं, नाना नातीचे फोटो बघत बसतात. त्यानं कधी विचारलं नव्हतं.

साहेबांचा संशय मात्र वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरवर गेला. तो जिन्यात भेटला की जरा जास्तच हसायचा. (दातांचा डॉक्टर, दात दाखवणारच.) साहेबांनी क्षणाचाही विलंब न लावता ती जोडणी तोडली आणि जेवताना सगळं सविस्तर सांगितलं.

"अहो, पण आधी चौकशी तरी करायची," बायको म्हणाली.

"चौकशी केली की पुरावा गायब होतो. आमच्या खात्याचा नियमच आहे, आधी तोडायचं, मग शांत बसायचं. ओरडेल तो चोर!"

नानांनी घास परत ताटात ठेवला. दुपारपासून त्यांचा टॅब मुका झाला होता.

"फार दिवस चोरत होता का रे?" त्यांनी विचारलं.

"महिनोन्‌महिने, नाना! आपल्याच घरात, आपल्या नाकाखाली!"

"मग बरं केलंस," नाना म्हणाले आणि अर्ध्या जेवणावरून उठले.

कुणी ओरडलं नाही. साहेब येता-जाता जिन्यात थांबून कानोसा घ्यायचे. डॉक्टर पूर्वीसारखाच हसत होता. फोटोही कपाळावरच अडलेला होता. शेवटी नाइलाजानं त्यांनी इंटरनेटच्या कंपनीकडे तक्रार केली. "माणूस पाठवतो," असं उत्तर आलं.

इकडे नाना वागायला विचित्र झाले. खोलीतून निघताना पंखा बंद करायचे, दिवा बंद करायचे. आंघोळीला अर्धीच बादली घ्यायचे. चहा दिला तर "तुम्हाला पुरला का?" म्हणून विचारायचे. स्टुलावर जुना पट मांडून दोन्ही बाजूंनी एकटेच खेळायचे.

"नाना अगदी गप्प झालेत हल्ली," बायको म्हणाली.

"ते बोलायचे कधी?" साहेब म्हणाले. हे वाक्य त्यांना पुढे फार दिवस आठवत राहिलं.

पुढच्या रविवारी सकाळी दारावरची बेल वाजली. दारात एक बाई उभी होती, खांद्याला बॅग आणि चेहरा गंभीर. कंपनीनं सुट्टीच्या दिवशी माणूस पाठवला, आणि तोही इतका सभ्य, याचं साहेबांना कौतुक वाटलं.

"या, या! फार वाट बघायला लावलीत."

"आम्हाला कळायलाच उशीर झाला हो," बाई खाली बघत म्हणाली. "काहीच हालचाल दिसेना, तेव्हा शंका आली. फार त्रास झाला का शेवटी?"

"त्रास म्हणजे! एकदाच काय ते झालं असतं तर परवडलं असतं. हे आपलं थोडं चालू, थोडं बंद. आम्हीच कंटाळलो."

बाईनं रुमाल काढला. "कुणाला दाखवलं नाहीत?"

"दाखवायचंय काय? मी घरच्या घरीच बंद करून बघितलं."

"काय?"

"बंद करायचं, थोडं थांबायचं आणि परत चालू करायचं. मुलीनंच सांगितलं फोनवर."

बाई भिंतीला टेकली. "आणि... आता कुठे..."

"आहे की आत कपाटात," साहेब खिशातून किल्ली काढत म्हणाले. "कुलूप लावून ठेवलंय. कुणाचा हात लागायला नको."

बाईनं किंकाळी फोडली. ती ऐकून नाना रिकामा कप हातात घेऊन आतल्या खोलीतून बाहेर आले. त्यांना बघून बाईनं दुसरी किंकाळी फोडली, पहिलीपेक्षा मोठी.

"घड्याळकाका! तुम्ही आहात?"

"आहे की. जातो कुठे?"

ती चष्मेवाल्यांची मुलगी होती. साहेबांनी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती दोन वेण्यांत होती. पाणी पिऊन झाल्यावर ती बोलू लागली. "बाबांनी चाल पाठवली होती, पण काकांची येईचना. वाट बघून बघून खेळानं बाबांना जिंकलेलं जाहीर केलं. तसे बाबा रडायलाच लागले हो. म्हणाले, घड्याळजी गेला. जिवंत असता तर त्यानं मला जिंकू दिलं नसतं. तुमच्याकडचा जुना फोन लागत नाही, मग म्हटलं, जाऊनच भेटावं. बाबा खाली गाडीत बसलेत. वर यायचा त्यांना धीर होत नाही."

नाना तसेच अनवाणी जिना उतरले. साहेब गॅलरीत धावले. खाली गाडीचं दार उघडं होतं. चष्मेवाल्यांनी नानांकडे बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आहेस?" ते ओरडून म्हणाले. बहिऱ्या माणसांना आवाजाचा अंदाज राहत नाही.

"आहे!"

"मग हरलास कसा?"

आता नानांनाही ओरडणं भाग होतं. जन्मात कधी आवाज न चढवलेला तो माणूस, मित्राच्या कानाशी तोंड नेऊन, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "मुलाच्या घरातलं इंटरनेट चोरत होतो! त्यानं पकडलं!"

वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. डॉक्टरनं आधी खाली नानांकडे बघितलं, मग गॅलरीतल्या साहेबांकडे. या वेळी तो हसला नाही.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं गळतीसाहेबांना झालं. (जमिनीखाली त्यांची ओळखही होती.) दोघे म्हातारे एकमेकांचा हात धरून वर आले, तेव्हा साहेब दारातच उभे होते.

"नाना, तो तुमचा टॅब होता? मग मला सांगायचं की हो!"

"सांगणार होतो रे," नाना म्हणाले. "पण तूच म्हणालास, ओरडेल तो चोर. म्हटलं, या वयात कशाला नाव खराब करून घ्या."

ते रागानं बोलले असते तर साहेबांना बोलायला काहीतरी सुचलं असतं. नाना अगदी साधेपणानं बोलले. गावातल्या प्रत्येक पाइपाला साहेबांनी कान लावला होता, पण मागच्या खोलीच्या दाराला कधी लावला नव्हता. त्यांना नानांची अर्धी बादली आठवली आणि "तुम्हाला पुरला का" आठवलं. त्यांनी नानांचे दोन्ही हात धरले. "नाना, चुकलो मी," एवढंच त्यांना म्हणता आलं.

"बरं, बरं. चहा टाकायला सांग. याला साखर जास्त लागते," नाना म्हणाले.

चष्मेवाल्यांची मुलगी कॉम्प्युटरवरून टॅब परत जोडून द्यायला बसली. राउटर कुठाय, असं तिनं विचारलं. साहेबांनी मुकाट्यानं किल्ली दिली. तिनं कपाट उघडून बघितलं आणि मघाची किंकाळी आठवून तिला हसू आवरेना. "अहो दादा, लोखंडी कपाटात? त्यातून बाहेर काय येणार, डोंबल?" तिनं राउटर काढून उघड्या फळीवर ठेवला. त्याबरोबर घरातली सगळी यंत्रं टणाटण वाजू लागली. बायको काहीच बोलली नाही. ती बोलली असती तर बरं, असं साहेबांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

नाना मात्र खुर्ची ओढून कॉम्प्युटरजवळ बसले होते. "जोडतात कसं ते कळलं," ते त्या मुलीला हळूच म्हणाले. "आता तोडतात कसं, तेही दाखव बघू."

पाहुणे रात्री राहणार, असं ठरलं. संध्याकाळी बायको आतून बहिणीशी व्हिडिओवर बोलत होती, ताईचा शब्द न्‌ शब्द स्पष्ट येत होता. टीव्हीही न अडखळता चालला होता. नानांच्या खोलीत दोघे मित्र पट मांडून बसले होते. आता तरी स्वतःचा पूर्ण फोटो बघावा, म्हणून गळतीसाहेब कॉम्प्युटरसमोर बसले.

गोल चक्र फिरू लागलं. फिरतच राहिलं. या वेळी कपाळसुद्धा आलं नाही.

साहेबांनी वायर तपासली, राउटर पाहिला, तो फळीवर छान लुकलुकत होता. मग त्यांचं लक्ष मागच्या खोलीकडे गेलं. दार किलकिलं होतं. आत कुणी बोलत नव्हतं, सोंगट्याही हलत नव्हत्या. दोघे म्हातारे श्वास रोखून कानोसा घेत होते.

साहेबांनी ओरडायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"काय हो," बायकोनं आतून विचारलं, "तुमच्याकडेही आलं का नेट?"

"आलं, आलं. झकास आहे," गळतीसाहेब म्हणाले आणि चक्राकडे बघत बसले.