निकेतचा ठिपका

कल्पिताचा नवरा निकेत आखातात मालवाहू जहाजावर होता, आणि तिकडच्या लढाईमुळे जहाज समुद्रातच खोळंबलं होतं. जाताना दोघांचा ठावठिकाणा एकमेकांच्या मोबाईलवर दिसेल, अशी सोय त्याने करून दिली होती. गणपती गेले, दिवाळी गेली, त्याचा फोन लागेनासा झाला. नकाशावरचा निळा ठिपका मात्र पाण्यात तसाच. कल्पिता दिवसभर त्याच्याकडे बघे. तिथून नजर काढली, की बुडालेल्या बोटींचे आणि फसवणुकीचे व्हिडिओ. भात तर रोजच करपे. सासू आवडाबाई मोबाईलच्या नावाने कुरकुर करी, पण पोराच्या काळजीने तिलाही भात करपलेला कळत नसे.

त्या सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. "कल्पे, मी बोलतोय," हुबेहूब निकेतचा आवाज. पण कल्पिता आता फसणारी नव्हती. चोर माणसाचा आवाज यंत्रावर बनवतात, हे तिने व्हिडिओ बघून बघून पाठ केलं होतं. तिने फोन कापला, नंबर ब्लॉक केला आणि खातरजमा म्हणून निकेतचा जुना नंबर लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई थंडपणे सांगून गेली.

भर दुपारी ठिपका समुद्रातून उठला तो थेट जवळच्या रेवसच्या धक्क्यावर. मग डांबरी रस्त्याने घराकडे सरकू लागला. तिने सासूला दाखवलं. सुनेच्या मोबाईलवर काडीचा विश्वास नसलेल्या आवडाबाईचा यावर मात्र लगेच विश्वास बसला.

"ही येळ बरी न्हाय," दाराला कडी घालत ती पुटपुटली. "तिसरी हाक आल्याबिगर ओ देऊ नको. माणूस असंल तर तीनदा बोलवंल."

बाहेर मिठागरावर चिटपाखरू नव्हतं. ठिपका अंगणात शिरला.

"कल्पे." आवाज त्याचाच. जरा वेळाने पुन्हा, थोडा दबका, "कल्पे."

आणि मग काहीच नाही. दोघी तिसऱ्या हाकेची वाट बघत राहिल्या. ठिपका उंबऱ्यापाशी थिजला होता. आवडाबाईने सुनेचा हात गच्च धरला होता, पण तिचेच डोळे कडीवर होते. आत आत ती पोराला बोलावत होती. भूत असो नाहीतर चोर, हा आवाज परत कानावर पडणार नाही, याचीच कल्पिताला जास्त भीती वाटली. हात सोडवून तिने कडी काढली.

निकेत पायरीवर बसला होता, पांढराफटक, हातात मोबाईल.

"मोबाईल तुला घरात दाखवतो," तो म्हणाला. "मग ओ का देत न्हाईस? मना वाटलं, आत कायतरी झालं. तिसरी हाक मारायला जीवच होईना."

जहाजावरून सुटका होऊन मुंबईत उतरल्यावर विमानतळावर कुणाचा तरी फोन मागून त्याने केलेला फोन तिने कापला होता. बायको रागावली असं समजून तो, जुनं सिम बंद पडल्यामुळे नवं घेऊन, लाँच पकडून तडक आला होता; ते सिम रेवसला उतरल्यावर चालू झालं. आवडाबाईने आधी त्याचे पाय सुलटे आहेत ना ते पाहिलं, मग गळ्यात पडून रडली.

निकेत जेवायला बसला. सुक्या बोंबलाचं कालवण तो भुरके मारत खात होता. कल्पिता भरल्या डोळ्यांनी बघत होती, आणि बघता बघता सवयीने तिने मोबाईल उघडला. निकेतच्या मोबाईलची बॅटरी मघाशी पायरीवरच संपली होती, त्यामुळे ठिपका तिथेच अडकणार, हे तिला ठाऊक होतं. ठिपका अजून दाराबाहेर होता.

तिने नवऱ्याकडे पाहिलं, ठिपक्याकडे पाहिलं. मग भात आणण्याच्या निमित्ताने उठली आणि हळूच दाराला कडी घातली.