आप्पांचा नीलम

गुरुपादप्पांनी अंगठी जराशी सैल करून घ्यायचं ठरवलं, एवढंच खरं तर झालं होतं. (बोट जाड झालं होतं. पण घरात ‘अंगठी आटली’ असं बोलायची पद्धत होती.)

अंगठी त्यांच्या वडिलांची, म्हणजे अण्णाराव आप्पांची. एरवी ती कपाटात कुलूपबंद असे आणि फक्त भाऊबीजेला बाहेर निघे, कारण भाऊबीजेला भोकरला उमाबाईकडे, थोरल्या बहिणीकडे, जायचं असे. दहा वर्षांमागे जाताना आप्पांनी शेताची वाटणी सरळ केली. उरल्या दोनच चिजा. गोठ्यातली देवणी गाय त्यांनी उमाबाईला दिली आणि आजोबांनी हैदराबादहून आणलेला नीलम गुरुपादप्पांना. तेव्हापासून तालुका कचेरीतले हे आवक-जावक कारकून मनाशी एक गोष्ट पक्की धरून होते. गाय काय, कुणालाही देतात. नीलम लाडक्यालाच देतात.

उदगीरच्या सोनारानं भिंग लावलं, अंगठी चारदा फिरवली.

“सैल करून देतो. पण खडा खाणीतला हाय का कारखान्यातला?”

“कारखान्यातला म्हंजे? काच?”

“काच न्हाई हो. नीलमच, पण मशिनीत बनिवलेला. लई साफ दिसून राहिला. खाणीतल्यात कुठंतरी डाग असतोच. लातूरला तपासून घ्या एकदा.”

‘एक डाग दाखवा’ म्हणत दहा भाऊबिजा बहिणीपुढे खड्याच्या ज्या साफपणाची टिमकी वाजवली, तोच गुण असा अंगाशी आला. एसटीनं घरी, देवणी गावात, पोचेपर्यंत गुरुपादप्पांच्या जिवाला घोर लागला. खडा बनावट निघाला, तर आप्पांचं लाडकं लेकरू कोण, हा निकालही फिरत होता.

लातूरला जायची छाती होईना. त्यापेक्षा जुनी रीत बरी. नीलम दंडाला बांधला की तीन दिवसांत प्रताप दाखवतो. मानवला तर भलं करतो, नाही मानवला तर माणसाला उताणं पाडतो. कारखान्यातल्या दगडाला कुठला आलाय प्रताप? शनिवारी सकाळी त्यांनी अंगठी निळ्या फडक्यात गुंडाळून उजव्या दंडाला बांधली आणि भलं होण्याची आशा त्यांना नोकरीच्या एकवीस वर्षांत उरलेली नसल्यानं ते संकटाची वाट बघत बसले.

पण महानंदाबाई, त्यांच्या पत्नी, संकटाला घरात येऊ देतील तर ना.

“अवो, गाडीला हात लावू नका. विळीजवळ जाऊ नका. अन आज वरण-भातच खा, भाकरीचा तुकडा घशात अडकंल.”

“अगं, अडकू दे की जरा.”

“काय बोलून राहिले तुम्ही?”

शनिवारी दुपारी लाइट गेली. गुरुपादप्पा आनंदानं टाळी वाजवून उठले आणि अंगणात जाऊन बघतात तर अख्ख्या गल्लीची गेलेली. एका खड्याचा प्रताप तेवढा मोठा मानायला त्यांचंही मन तयार होईना. रविवारची दुपारही बिनघोर निघाली. पोटसुद्धा कधी नव्हे ते साफ. त्यांचा धीर खचत चालला.

शेवटी चार वाजता ते माळ्यावरचा आकाशकंदील काढायला स्टुलावर चढले. (महानंदाबाई शेजारी पिठाची चाळणी मागायला गेल्या होत्या, हा मुहूर्त त्यांनी साधला असं आम्ही म्हणणार नाही.) स्टूल कलंडलं. गुरुपादप्पा खाली गार व्हायला पसरलेल्या चिवड्यात सपशेल बसले आणि डावा पाय मुरगळला. महानंदाबाई धावत आल्या, तर नवरा डोक्यावर शेंगदाणे घेऊन हसतोय.

“खरा हाय, महानंदा. खाणीतला हाय.”

“त्या स्टुलाचा पाय ठोकून द्या म्हणून मी पोळ्यापासून सांगून राहिले,” महानंदाबाई चिवड्याकडे बघत म्हणाल्या. “ह्यात खड्यानं काय केलं?”

संध्याकाळी कचेरीतले शेजारच्या टेबलाचे धम्मानंद पाय बघायला आले. सगळी हकिकत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

“गुरुपादप्पा, दगडाचं दगडालाच इचारावं माणसानं. टाचेला कशाला इचारून राहिले?”

आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांनी यांना आपल्या गाडीतून लातूरला नेलंच.

तपासणीवाल्या महांतेशनं खडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि यांनाही दाखवला. “ह्या रेषा बघा, वाकड्या हायत. अन हे बारीक बुडबुडे. खाणीतल्याच्या रेषा सरळ असत्यात. हा बनिवलेला.” त्यानं तसा कागदही लिहून दिला.

परतताना गुरुपादप्पा गाडीत तो कागद पुन्हा पुन्हा उघडून वाचत होते. त्यांना दगडाचं वाईट वाटत नव्हतं, आप्पांचं वाटत होतं. घरी महानंदाबाईंनी न विचारता चहा पुढे ठेवला आणि चिवड्याचा विषय त्या दिवसापुरता बंद केला.

भाऊबीजेला पायाला पट्टी बांधून ते महानंदाबाईंसह भोकरला पोचले. उमाबाईंनी ओवाळलं. यांनी ताटात साडी ठेवली आणि शेजारी तो कागद.

“आक्का, आप्पांनी तुला खरी गाय दिली अन मला खोटा खडा.”

उमाबाईंनी कागद वाचला आणि त्या हसल्या. “मला ठावं हाय रे. खरा खडा आप्पांनी तू बारावीला असतानाच इकला. लातूरला ट्यूशन लावली न्हवती का तुला? डॉक्टर करायचं होतं. आईला कळू नये म्हणून हा दुसरा बसवून घेतला.”

आपल्यासाठी आप्पांनी वाडवडिलांचा नीलम मोडला आणि मरेपर्यंत बोलले नाहीत. गुरुपादप्पा खुशाल रडले, लहान पोरासारखे रडले. महानंदाबाईंनीही पदर डोळ्यांना लावला.

“कधी काही म्हणले का गं आप्पा, त्या खड्याबद्दल?”

“एकदाच म्हणले. तुझा निकाल लागला त्या दिवशी. फिजिक्सला एकोणीस होते तुला. आप्पा लई येळ मार्कलिस्ट बघत बसले,” उमाबाई म्हणाल्या, “अन मग मला म्हणले, उमे, मी इकला तोबी बनावटच असनार.”