गुरुवारची मांजर

काकांनी टॉवेल टाकला तेव्हा मांजर वाटीपासून जेमतेम वीतभर लांब होती. टॉवेलाखाली एकच धुमाळी उडाली, वाटी कलंडली, दूध ओट्याखाली गेलं आणि काकांच्या मनगटावर लाल रेघा उमटल्या. तरीही त्यांनी नेट धरला. टॉवेलासकट ते बोचकं वेताच्या टोपलीत कोंबलं, झाकण लावलं, वरून सुतळी आवळली, आणि मग धापा टाकत खाली बसल्यावर त्यांना वाईट वाटायला लागलं. चार दिवस अन्नाला तोंड न लावलेली मांजर आज आपण होऊन वाटीकडे निघाली होती, आणि नेमका तोच मुहूर्त साधून आपण तिच्यावर टॉवेल टाकला.

वाईट वाटणं हा काकांचा जुना स्वभाव होता. त्यांचा उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढणारा माणूस एरवी थोडा तरी ताठ होतो. काका उलट वाकत गेले. जगात कुठेही काही चुकलं की ते आपलंच, अशी त्यांची खात्री असे. अंगानं किरकोळ, आणि असून नसल्यासारखे, म्हणून छापखान्यातली मंडळी त्यांना ‘अनुस्वार’ म्हणायची.

मांजर काकूंची. तिचं नाव ठमी. काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, आणि ठमीची वाटी भरलेली ती भरलेलीच राहते हे काकांनी फोनवर सहज सांगितलं होतं.

“अहो, सहज काय सांगताय! दातच असणार तिचा,” काकू म्हणाल्या होत्या. “दात दुखला की अन्न समोर असून खाववत नाही, मला विचारा! गुरुवारी न्या तिला बाजारामागच्या सवलतीच्या दवाखान्यात. गुरुवारी पैसे पडत नाहीत. आणि हे बघा, इस्त्रीचा सदरा घालून जाऊ नका. गरजू दिसायला हवं.”

“दिसायचं काय त्यात? आहोतच की.”

“ते आपल्याला माहीत. खिडकीवरच्याला कुठे माहीत?”

काका “बरं” म्हणाले होते. तेव्हा आता कॉलर विरलेला सदरा घालून, टोपली छातीशी धरून ते निघाले. टोपलीतून सबंध रस्ताभर असे आवाज येत होते की समोरून येणारी माणसं आपण होऊन बाजूला होत होती.

दवाखाना म्हणजे धान्याचं जुनं गोदाम. पत्र्याचं छप्पर, भिंतीला टेकवलेली बाकं, आणि बाकांवर आपापलं दुखणं मांडीवर घेऊन बसलेली माणसं. दारात भलामोठा बोर्ड होता. काकांनी तो सवयीनं सावकाश वाचला. त्यात सात चुका निघाल्या.

खिडकीतल्या कंपाउंडरनं काकांकडे, मग टोपलीकडे पाहिलं. “एका घराला महिन्यातून एकच जनावर हां, काका. परवा एक जण पाच कुत्री घेऊन आला. म्हणे, एकाच आईची आहेत, एकच धरा!”

“माझी एकच आहे,” काका म्हणाले, आणि उगाचच अपराधी झाले.

आत डॉक्टरीणबाईंनी सुतळी सोडली, मांजरीची मानगूट अशी काही धरली की ती गप्पच झाली, आणि तिला टेबलावर ठेवलं. करडी, पट्टेरी, आडव्या अंगाची.

“काय होतंय?”

“खात नाही. चार दिवस झाले. दात असेल हिचा, असं घरून सांगितलंय.”

बाईंनी शेपटी वर केली. “हिचा नाही, याचा. बोका आहे हा.”

दुसरा कुणीही असता तर तिथेच म्हणाला असता, बाई, मग ही आमची मांजर नव्हे. काकांच्या मनात तसं आलंही. पण लागलीच त्यांना वाटलं, आठ वर्षं जी घरात आहे ती ठमी आहे की ठमा हे आपण कधी पाहिलं होतं का? नव्हतं. मग आज कुठल्या तोंडानं वाद घालायचा?

“असेल,” ते म्हणाले. “माझं तसं लक्ष नसतं.”

“वय?”

“आठ. नऊही असेल.”

बाईंनी जबडा उघडला. “दोन वर्षांचाही नाही. दात बघा, मोती आहेत नुसते.”

“मोठा दिसतो,” काका पुटपुटले.

“झोपतो कुठे?”

“घरातच. कुठेतरी.”

“खाताना कुठल्या बाजूनं चावतो?”

काकांनी छताकडे पाहिलं. उत्तर तिथे नव्हतं.

“काका,” चष्म्यावरून पाहत बाई म्हणाल्या, “हे मांजर तुमच्याच घरात राहतं ना?”

“राहतं. मीच जरा कमी राहतो.”

बाईंना हसू आलं. त्यांनी बोक्याचं पोट दाबलं, छातीला नळी लावली. “तब्येत दगडासारखी आहे याची. या वयात बोके असेच करतात. रात्रभर हिंडायचं, मारामाऱ्या करायच्या, घरच्या वाटीकडे ढुंकून बघायचं नाही. नसबंदी करून टाकू, आज फुकट आहे. आणि एक सांगते, उपाशीपोटी आणा म्हणून आम्ही घसा फोडून सांगतो, तरी लोक दूध पाजून आणतात. तुमच्यासारखा मालक विरळा!”

काकांचं कौतुक फारसं कुणी केलेलं नव्हतं. त्यामुळे ते झालं की ‘नाही’ कसं म्हणायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी सही केली. सही करताना कागदावरची एक वेलांटी तेवढी दुरुस्त केली.

संध्याकाळी ते घरी आले. जखम चाटू नये म्हणून बोक्याच्या गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं होतं आणि डोळ्यांत पेंग होती. काकांनी त्याला टॉवेलावर निजवलं, “ठमे, झालं हं सगळं,” असं म्हटलं, आणि तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी उत्तर दिलं.

“म्याँव.”

आवाज पुस्तकांच्या कपाटातून आला होता. काकांनी वाकून पाहिलं. खालच्या फळीवर, शब्दकोशाच्या खंडांमागे, आणखी एक करडी, पट्टेरी मांजर बसली होती. रोडावलेली. तिच्या तोंडाच्या कडेनं लाळ गळत होती.

घरात आता दोन ठम्या होत्या. काकांनी तरीही घाई केली नाही; चुकीची यांतली कुठली, हे कुणी सांगावं? तेवढ्यात खालच्या मजल्यावरून हाक आली, “पैलवाऽऽन! अरे ए पैलवान! कुठे उलथलास सकाळपासून?” आणि टॉवेलावरच्या नरसाळ्यानं हळूच मान उचलली.

पैलवान म्हणजे खालच्या शिवणवाल्या ताईंचा बोका. गल्लीतल्या कुत्र्यांनी ज्याच्यासाठी वाट सोडावी, तो. आपल्या स्वयंपाकघरात तो ठमीच्या वाटीवर डल्ला मारायला आला होता, हे काकांना आता उमगलं.

पळून जावं असं वाटण्यात एक जिना खर्ची पडला. दारात पोचल्यावर त्यांनी बोका पुढे केला, जसं काही मुद्रितच परत करत होते.

“ताई, हा तुमचा. माझ्याकडून चुकून…”

शिवणाचं मशीन थांबलं. ताईंनी नरसाळं पाहिलं, बोक्याची मागची भादरलेली बाजू पाहिली. “कुणी केलं हे?”

“दवाखान्यात. म्हणजे, सही मी केली.”

ताई मटकन स्टुलावर बसल्या. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “रडू नका हो. मी तुम्हाला… म्हणजे त्याची भरपाई…” भरपाई कशाची आणि कशी करायची हे न सुचून ते थांबले.

ताई हसत होत्या. “काका! वर्षभर मागे लागलेय मी याच्या! पोत्यात घातला तर पोतं फाडलं. जाळी टाकली तर जाळीसकट पळाला. दर वेळी माझा अर्धा दिवस बुडतो, गिऱ्हाईक बोंब मारतं ते वेगळंच. आणि तुम्ही याला टॉवेलात धरलात? तुम्ही?”

“ठमी समजून धरला,” काका खरं ते बोलले. “पैलवान आहे हे माहीत असतं, तर हात लावायची छाती झाली नसती.”

“मग ठमीचं काय?”

तिथे काकांचा चेहरा उतरला. एका घराला महिन्यातून एकच जनावर. त्यांच्या घराची पाळी पैलवान घेऊन बसला होता. खासगी डॉक्टरची पायरी चढायची तर पेन्शनीत महिना कसा काढायचा हा प्रश्न होता.

“असं करा,” ताई म्हणाल्या. “उद्याच जा आणि डॉक्टरीणबाईंना सरळ सांगा काय झालं ते. त्या काही खात नाहीत माणसाला. नाहीच ऐकलं, तर पुढच्या गुरुवारी माझी म्हणून नेऊ ठमीला.”

दुसऱ्या दिवशी काका खरोखरच गेले. दवाखान्याच्या दारात उभे राहिले. ‘बाई, कालची मांजर माझी नव्हती’ हे वाक्य त्यांनी मनात चार तऱ्हांनी जुळवून पाहिलं, आणि दर तऱ्हेत त्यातला माणूस मूर्खच दिसत होता. बोर्ड पुन्हा एकदा वाचला. आठवी चूक सापडली. मग ते घरी परतले. रात्री काकूंचा फोन आला. “नेलंत का हो ठमीला?”

“दवाखान्यात जाऊन आलो.”

“काय म्हणाल्या डॉक्टर?”

“तब्येत दगडासारखी आहे म्हणाल्या,” काका म्हणाले, आणि रिसीव्हर ठेवल्यावर बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले.

त्या आठवड्यात काकांनी पुस्तक उघडलं नाही. कोमट दुधात पाव कुस्करून ते बोटावर घ्यायचे आणि ठमीपुढे धरायचे. ती मान तिरकी करून, उजवी बाजू वाचवत, डाव्या बाजूनं हळूहळू चाटायची. तिच्या पुढच्या एका पंजाचं एकच बोट पांढरं होतं, शाईत बुडवायचं राहून गेल्यासारखं. कानाची कड किंचित फाटलेली होती. आणि ती झोपायची ती शब्दकोशामागे, म्हणजे काकांच्या वाचायच्या खुर्चीला अगदी लागून. इतकी वर्षं ते पान उलटत होते आणि पाठीपासून हातभर अंतरावर कुणीतरी घोरत होतं. काकांना वाटायचं, छताच्या पंख्याचा आवाज आहे.

गुरुवारी ताईंनी ठमीला टेबलावर ठेवलं. काका शेजारचे गृहस्थ म्हणून मागे भिंतीला चिकटून उभे राहिले.

“किती दिवस खात नाही?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“झाले की… दोनेक,” ताई म्हणाल्या.

काकांनी ओठ चावला.

“झोपते कुठे?”

“माझ्या मशीनखाली.”

काकांनी भिंतीवर बोटं घट्ट रोवली.

“चावते कुठल्या बाजूनं?”

“उजव्या,” ताईंनी ठोकून दिलं.

“डाव्या!” भिंत बोलली. “डाव्या बाजूनं, बाई! उजवीकडे हात लावू देत नाही. अकरा दिवस झाले, दोन नव्हे. कोमट असेल तरच घेते, थंड घेत नाही. आणि झोपते शब्दकोशामागे. ही माझी आहे. गेल्या गुरुवारचा तो माझा नव्हता.”

आणि मग त्यांनी टॉवेलापासून सगळं सांगून टाकलं. कंपाउंडर खिडकी सोडून ऐकायला आला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ठमीचा जबडा उघडून उजेडात धरला.

“दाढ सडलीय. पू झालाय. मग दुसऱ्याच दिवशी का नाही आलात?”

“एका घराला एकच जनावर ना?”

“तो नियम फुकटच्या ऑपरेशनचा आहे, काका. आजारी जनावराला इथे कधीही दार उघडं असतं. बाहेर बोर्डावर एवढं मोठं लिहिलंय. वाचला नाहीत?”

“वाचला,” काका म्हणाले. “दोनदा.”

बाईंनी दाढ काढली. शेजारचीही काढावी लागली. “आठवड्यापूर्वी एकीवर भागलं असतं,” त्या म्हणाल्या. त्या रागानं बोलल्या नाहीत, म्हणून काकांना जास्तच लागलं.

काकू परत आल्या तेव्हा काकांनी त्यांच्या हातातली पिशवीही घेतली नाही. आधी सगळं कबूल केलं. काकू दारातच उभ्या राहून ऐकत होत्या. पैलवानाच्या नरसाळ्यापाशी त्यांना हसू फुटलं, दुसऱ्या दाढेपाशी त्यांनी ठमीला उचलून गालाशी धरलं.

“तिचं एक बोट पांढरं आहे,” काका घाईघाईनं म्हणाले. “आणि कान…”

“माहितेय मला,” काकू म्हणाल्या.

चहा झाला. काकू बशी पुढ्यात घेऊन बिस्कीट चहात बुडवून, पार लगदा करून खात होत्या. मान किंचित तिरकी होती. काका समोर बसून ते बघत राहिले. ही तिरकी मान त्यांनी नुकतीच कुठेतरी पाहिली होती.

“तू कुठल्या बाजूनं चावतेस गं?” त्यांनी विचारलं.

काकूंचा हात बशीवर थांबला.

“डाव्या,” त्या म्हणाल्या. “उजवी दाढ ठणकतेय माझी, लेकीच्या डोहाळ्यांपासून.”

“मग बोलली नाहीस ती?”

“बोलले होते की. तुम्ही ‘बरं’ म्हणालात.”

काका उठले. कोपऱ्यातली छत्री घेतली, चपला पायात सरकवल्या आणि दारात उभे राहिले. “चल. आत्ताच जाऊ. वाराबिराची वाट बघायची नाही.”

काकूंनी पदर खोचला. वेताच्या टोपलीकडे एक नजर टाकली.

“येते,” त्या म्हणाल्या. “फक्त टॉवेल तेवढा घरी ठेवा.”